वकील चांगले, पण बिल वाचूनच पैसे द्या

वारस दाखल्याचं काम दिलेलं, काम झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बिल बघून आई म्हणाली हे दाखल्याचं आहे की लग्नाच्या हॉलचं! झेरॉक्सचे २,४०० रुपये, तेही फाईल जेमतेम सत्तर पानांची असताना, शिवाय तारीख पडली त्या दिवशीची पण पूर्ण हजेरी फी आणि वर १८ टक्के जीएसटी. आता स्वतंत्र वकिलाने घरगुती क्लायंटला दिलेल्या सेवेवर जीएसटी लागतच नाही, हे सीए मित्राने सांगितलं म्हणून विचारलं तर साहेब फाईल देईनात. सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय की फीसाठी कागद अडवता येत नाहीत, तेवढं व्हॉट्सअॅपवर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी फाईल मिळाली, जीएसटी पण गेला. झेरॉक्सचे मात्र भरलेच. दोन स्टार.