आधी रस्ता की आधी गटार?

पुतण्याचं हे पहिलंच मत. "काका, दोघंबी चांगलं बोलत्यात. कुणाला देऊ?" आमचं शहर शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात. नगराध्यक्ष थेट मतदानानं निवडायचा, म्हणून ही पंचाईत. पत्रकं बाजूला ठेवली आणि निवडून आल्यावर पहिलं काम कुठलं करणार म्हणून दोन्ही उमेदवार सांगतात, तेवढं बघितलं. एकाचं काँक्रीट रस्ते, दुसऱ्याचं गटार आणि पाण्याची लाईन.

खर्च दोन्हीकडं मोठाच, आणि बराचसा निधी वरनंच आणावा लागणार.

टिकण्याचं म्हणाल तर काँक्रीट डांबराला भारी, पण खालची जुनी लाईन फुटली की तेच फोडावं लागतं, आणि ठिगळ कधी नीट बसत नाही. दुसरी गोष्ट उंचीची. आमच्या गल्लीत जुन्या रस्त्यावरच थर ओतला. आता उंबरा रस्त्यापेक्षा चार बोटं खाली, वळीव आला की आई दारात पोती लावून बसते.

पुराचं तर विचारूच नका. २००५, २०१९, २०२१ तिन्ही पाहिलेत. महापूर गटारानं थांबत नाही, हे दुसऱ्यानंही कबूल करावं. पण नदी फुगली की पाणी आधी गटारातनंच उलटं येतं. तिथं झडपा बसवल्या तर निदान सामान माळ्यावर टाकायला वेळ मिळतो.

त्रास मात्र गटारवाल्याचा जास्त. वर्षभर खोदकाम, धुरळा, आणि फोटोत दाखवायला काही नाही.

तुझं दुकान उंचावरच्या पेठेत असतं, तर रस्तेवाला चालला असता. आपण नदीवेशीला राहतो. गटारवाल्याला दे, आणि खोदलेलं बुजवणार कधी, ते आत्ताच विचारून घे.