यू-बोल्ट निवडताना: तयार की घडवलेले, सुलटे की उलटे

2020 पासूनची थार किंवा जिम्नी बाळगणाऱ्यांपुढे यू-बोल्ट निवडण्याचा प्रश्न येतच नाही, कारण त्या गाड्यांच्या चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आहेत. जिप्सी, जुन्या महिंद्रा जीप, पहिल्या थारचा मागचा एक्सल, तसेच हायलक्स आणि व्ही-क्रॉसचा मागचा एक्सल मात्र कमानपाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) उभा असतो, आणि पाटे एक्सलला आवळून धरण्याचे काम यू-बोल्ट, म्हणजे इंग्रजी U च्या आकाराचे, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट, करतात. मधला सेंटर बोल्ट केवळ जागा पक्की करण्यासाठी असतो. ब्रेकचा आणि ओढीचा भार यू-बोल्टच्या दाबातून निर्माण होणाऱ्या घर्षणाने पेलला जातो. हा दाब ढिला पडला की सगळा भार सेंटर बोल्टवर येऊन तो तुटतो आणि एक्सल जागचा सरकतो.

पहिली निवड तयार बोल्ट आणि गॅरेजात घडवलेला बोल्ट यांमधली. गावोगावी कमानपाट्यांचे काम करणारे कारागीर सळई गॅसने लाल करून वाकवतात, लेथवर आटे पाडतात आणि हवे ते माप तासाभरात हातात देतात. सोय मोठी, पण 8.8 दर्जाच्या (ही बोल्टच्या ताकदीची श्रेणी) सळईची ताकद उष्णोपचारातून आलेली असते आणि लाल होईपर्यंत तापवल्यावर ती त्या जागी उरत नाही. शिवाय कापून पाडलेल्या आट्यांच्या मुळाशी तडा सुरू होण्याची शक्यता दाबून पाडलेल्या आट्यांपेक्षा अधिक असते. दाबून पाडलेले आटे ओळखण्याची एक खूण अशी की, पुष्कळदा आट्यांचा बाहेरचा व्यास साध्या दांड्यापेक्षा किंचित जास्त भरतो. माझ्या मते, गाडीच्या मापाचा तयार बोल्ट मिळत असेल तर घडवलेल्याच्या वाटेला जाऊ नये. मिळत नसेल तर तो थंड अवस्थेत, यंत्रावर वाकवून घ्यावा.

दर्जाबाबत उगाच चढाओढ दिसते. 8.8 ची ताणशक्ती सुमारे 800 मेगापास्कल आणि 10.9 ची सुमारे 1000. पण तेवढ्याच टॉर्कने (नट आवळण्याच्या पिळाने) आवळल्यास 10.9 मुळे दाब वाढत नाही. कंपनीने दिलेला दर्जा आणि टॉर्क ही जोडी मोडू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आतली रुंदी, कारण ती एक्सलच्या नळीशी जुळली नाही तर पाय तिरके होऊन नट एका अंगाने बसतो.

दुसरी निवड सुलटे की उलटे ही. जिप्सीत पाटे एक्सलच्या खाली असल्याने बोल्टची टोके आणि नट सर्वांत खाली लोंबतात, दगडांवर घासून आटे चेपतात आणि पुढे नट कापूनच काढावा लागतो. उलट्या बसवणीत नट वर जातात आणि खाली गुळगुळीत प्लेट राहते. मात्र त्यासाठी वेगळ्या प्लेटा लागतात, बंप स्टॉपची (एक्सल वर आदळू नये म्हणून असलेल्या रबरी ठोकळ्याची) जागा तपासावी लागते, आणि जुन्या जीपप्रमाणे शॉकअपचे खालचे टोक मूळ प्लेटला असेल तर त्याचीही नवी सोय करावी लागते. नदीपात्रातून, खडकांवरून नेहमी जाणाऱ्यालाच हा खर्च परवडतो. घाटरस्ते आणि कच्चे रस्ते एवढाच वापर असेल तर मूळ रचना ठेवावी.

बसवताना जुने बोल्ट पुन्हा वापरू नयेत, कारण ते एकदा ताणले गेलेले असतात. एक्सलच्या बैठकीवरील (पाटे जिथे टेकतात त्या जागेवरील) गंज आणि रंगाचा जाड थर खरवडून काढावा, नाहीतर तो थर चेपत जाऊन दाब कमी होतो. चारही नट फुलीच्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळावेत, आणि शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर उभी असताना द्यावा. आट्यांना तेल लावायचे की नाही हे मॅन्युअलप्रमाणे ठरवावे, कारण तेल लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला अधिक ताणला जातो. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क पाना पुन्हा लावून पाहावा आणि त्याच वेळी पाटा व बैठक यांच्या सांध्याकडे लक्ष द्यावे. तिथे तांबूस भुकटी किंवा चकाकता घासलेला पट्टा दिसला, तर पाटे आतल्या आत सरकत आहेत असे समजावे.