रविवारचं एचिंग वर्कशॉप, लोअर परळ : जरूर करा, पण मास्क घेऊन जा

एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर अ‍ॅसिडने रेषा कोरून त्यावरून कागदावर प्रिंट काढणं, शिकायचं म्हटलं तर मुंबईत जागा फार नाहीत, कारण त्याला प्रेस लागतो, अ‍ॅसिड लागतं, घरी डायनिंग टेबलवर मांडून करायची गोष्टच नाही ही. त्यामुळे लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात रविवारी वर्कशॉप चालतं असं मैत्रिणीकडून कळल्यावर लगेच नाव घातलं. शिकवणाऱ्या मॅडम शहरातल्याच एका आर्ट कॉलेजात प्रिंटमेकिंग शिकवतात आणि स्वतःचं कामही सतत चालू असतं, आणि माझ्या मते या वर्कशॉपची खरी किंमत त्यातच आहे.

म्हणजे बघा, यूट्यूबवर सगळी कृती मिळते. झिंकच्या प्लेटच्या कडा कानशीने घासायच्या, नाहीतर प्रेसमध्ये कागद फाटतो, मग चॉक पावडरने तेलकटपणा काढायचा, ग्राउंड, म्हणजे अ‍ॅसिडला दाद न देणारा थर, लावायचा, सुईने ओरखडायचं, अ‍ॅसिडमध्ये सोडायचं. पण अ‍ॅसिडमध्ये प्लेट किती वेळ ठेवायची हे ठरवताना मॅडम घड्याळापेक्षा रेषेवरच्या बुडबुड्यांकडे जास्त बघतात, पिसाने ते हळूच बाजूला सारतात आणि सांगतात, "ही रेष अजून उथळ आहे, राहू दे." हे ज्याने वर्षानुवर्षं स्वतःच्या प्लेट केल्यात तोच सांगू शकतो.

आमच्या बॅचला एक रिटायर्ड काका होते, शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलेल्या, त्यानंतर थेट आता. त्यांनी चाळीचा जिना काढला होता, फार सुंदर ड्रॉइंग, पण एका कोपऱ्यात ग्राउंड सुटला आणि अ‍ॅसिडने तिथे नको ते खड्डे पाडले. काका एकदम हिरमुसले. मॅडमनी प्लेट घेतली, शाई भरली, स्टार्चच्या जाळीदार कापडाने पुसली, मग तळहाताने, आणि म्हणाल्या, "काका, आधी प्रिंट तर बघू." ओलसर कागद ठेवला, वर फेल्ट, प्रेसचं चाक काकांनाच फिरवायला लावलं. कागद उचलला तर तो कोपरा भिंतीच्या ओल आलेल्या पोपड्यांसारखा दिसत होता! मग मॅडमनी विचारलं, "हे ठेवायचं का काढायचं, तुम्ही ठरवा." काकांनी अर्धं ठेवलं, अर्धं घासून-घोटून सपाट केलं आणि प्लेटला नवा ग्राउंड लावून, हव्या त्या रेषा पुन्हा ओरखडून ती परत अ‍ॅसिडमध्ये सोडली. दुसरी प्रिंट पहिलीपेक्षा कितीतरी चांगली आली.

जेवणाच्या सुट्टीत शिकवता शिकवता स्वतःचं काम करणाऱ्या मोठ्या चित्रकारांच्या गप्पा रंगतात आणि तो भाग चुकवू नका. सोमनाथ होर शांतिनिकेतनला कलाभवनात शिकवायचे आणि कागदाच्या लगद्यातून पांढऱ्यावर पांढऱ्या जखमा उठवायचे, ज्योती भट्ट न्यूयॉर्कला प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आले आणि बडोद्यात मुलांना ग्राफिक, म्हणजे प्रिंटमेकिंग, शिकवलं, कृष्णा रेड्डींनी पॅरिसमध्ये शाईचा पातळ-घट्टपणा वापरून एकाच प्लेटवरून अनेक रंग काढायची पद्धत घडवली आणि नंतर न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकवलं. आपल्या मुंबईतच प्रभाकर कोलते 1972 ते 1994 जेजे स्कूल ऑफ आर्टला शिकवत होते आणि चित्रंही करत होते, ते स्वतः शंकर पळशीकरांचे विद्यार्थी. एवढी मोठी माणसं आयुष्यभर वर्गात उभी राहिली, आणि आपल्याकडे अजून "चित्रं विकली जात नाहीत म्हणून मास्तर झाला" असं सर्रास बोलतात, याचा मला मनापासून राग येतो. मॅडम आठवडाभर कॉलेज करून रविवारी आमच्यासाठी शाईत हात घालतात, आणि संध्याकाळी प्रेस रिकामा झाला की स्वतःची प्लेट काढतात. ती बघायला मिळाली, मागे लोकलच्या रुळांचं जाळं, त्यावर अ‍ॅक्वाटिंटचा धुरकट टोन, राळेची पूड तापवून केलेला. मी बराच वेळ बघत राहिले.

आता तक्रारी. नायट्रिकच्या ट्रेवर एकच एक्झॉस्ट फॅन आहे, तोही लांब, दुपारनंतर घशाला जाणवतं. दमा असेल तर आधी बोलून घ्या, बाकीच्यांनी चांगला मास्क न्या. याबाबतीत स्टुडिओवाल्यांनी खर्च करायलाच हवा, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. दुसरं म्हणजे फीमध्ये एकच छोटी प्लेट धरलीय, जास्तीच्या प्लेटचे आणि चांगल्या कागदाचे पैसे वेगळे, आणि हे आधी कुणी सांगत नाही. प्रेसही एकच असल्याने शेवटी लाइन लागते.

ज्यांना एका दिवसात फ्रेम करून भिंतीवर लावायचं काहीतरी हवंय त्यांनी येऊ नये, सकाळ सगळी प्लेट घासण्यातच जाते. जुने कपडे घाला, शाई निघत नाही. आणि ड्रॉइंग करून न्याल तेव्हा लक्षात ठेवा, प्रिंट उलटी येते, त्यामुळे दुकानाची पाटी वगैरे असेल तर अक्षरं प्लेटवर उलटी काढायची. प्रिंटखाली पेन्सिलने नंबर कसा टाकायचा, 3/10 म्हणजे काय, सही कुठे, तेही मॅडम शेवटी शिकवतात, फक्त तोवर अर्धे लोक स्टेशन गाठायला निघालेले असतात, तेवढं थांबा.