अद्भुत कादंबरी बेळगावातून काढायची, तर ॲपवर, प्रकाशकाकडून की स्वतः छापून?

आधी लिहून तर होऊ दे, मग कुठं द्यायची ते बघू, असं बहुतेक जण म्हणतात. कवितासंग्रहाला, कथासंग्रहाला ते चालून जातं. राजे, जादू, नकाशे आणि तीन पिढ्यांची वैरं असलेल्या अद्भुत कादंबरीला, म्हणजे फँटसीला, चालत नाही. ती ॲपवर भागाभागानं जाणार की सलग पुस्तक म्हणून, यावर पहिल्या प्रकरणापासून तिची बांधणी ठरते. माझी आधीची कादंबरी ॲपवर मालिका म्हणून आली. नवी, ‘वाघळांचं वतन’, मी सुरुवातीपासून पुस्तक म्हणून लिहिली आणि स्वतःच छापतो आहे. मधल्या काळात प्रकाशकांचे उंबरेही झिजवून झाले. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बसून लिहिणाऱ्याला यातलं काय झेपेल आणि काय लाभेल, ते त्या अनुभवावरून सांगतो.

लिहितानाच पडणारा फरक

प्रतिलिपीसारख्या ॲपवर (कंपनी बंगळूरची, २०१४ ची) वाचक नोटिफिकेशनवरून येतो. बसमध्ये उभ्यानं, दुकानात गिऱ्हाईक नसताना, रात्री आडवं पडून वाचतो. मागचा भाग त्याच्या निम्माच ध्यानात असतो. म्हणून प्रत्येक भागाच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांत कोण, कुठं, कशासाठी हे कळलं पाहिजे आणि शेवटी काहीतरी लोंबकळत राहिलं पाहिजे. पंधरा पानं देवळाचं वर्णन केलंत तर पुढच्या भागाला निम्मे वाचक गळालेले असतील. याचा फायदा असा की फापटपसारा आपोआप कमी होतो. ज्याला कथानक पुढं रेटता येत नाही, वर्णनात गुंतून पडायची सवय आहे, त्यानं एक मालिका जरूर लिहावी. कार्यशाळेत शिकवून न येणारी शिस्त वाचकांच्या प्रतिक्रिया महिन्याभरात लावतात.

तोटा मात्र अद्भुत कथेच्या मुळावर येणारा आहे. जादूला नियम लागतात आणि नियमाला किंमत लागते. ही किंमत लेखकाला स्वतःला बऱ्याचदा अर्धी कादंबरी लिहून झाल्यावर कळते. मालिकेत तोवर तीस भाग लोकांनी वाचलेले असतात. मागं जाऊन दुरुस्ती करता येते, पण वाचक मागं जात नाही. उलट नियम बदलला की तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी विचारतो, ‘बाराव्या भागात तर म्हणाला होता की मंत्र दिवसा चालत नाही?’

नव्या कादंबरीतलंच उदाहरण घेतो. खानापूर तालुक्याच्या जंगलात, भीमगड अभयारण्याच्या भागात, बारापेडे गुहा आहेत. जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारं राउटनचं वटवाघूळ शास्त्रज्ञांना पहिल्यांदा सापडलं ते तिथंच. तिथून माझी गोष्ट सुरू होते: दिवस राजाचा आणि रात्रीचं वतन वाघळांचं. ज्या माणसाला वाघळं पदरात घेतात त्याला काळोखात कानांनी दिसतं. पण ही विद्या एकदा वापरली की ओळखीचा एक आवाज कायमचा विसरतो. हे दुसरं वाक्य मला पहिला खर्डा संपत आला तेव्हा सुचलं. मग मागं जाऊन दुसऱ्या प्रकरणात आजीची जात्यावरची ओवी पेरली, नवव्यात ती पोराच्या कानावर पडूनही त्याला ओळखू येत नाही असं केलं, आणि मधलं एक अख्खं युद्ध काढून टाकलं. मालिका असती तर यातलं काहीच जमलं नसतं. तेव्हा जादूचा नियम आणि त्याची किंमत एका ओळीत लिहिता येत नसेल, तर मालिका सुरू करू नका. येत असेल तर खुशाल करा.

नावांचंही असंच. छापील पुस्तकात वीरसेन, वीरभान आणि वीरमल्ल एका दरबारात बसू शकतात, वाचक चार पानं मागं उलटून बघतो. मोबाईलवर तो वैतागतो. ऑडिओत तर तिघं एकच वाटतात. ऑडिओ कंपन्यांकडे जायचा विचार असेल तर पात्रांची पहिली अक्षरं वेगळी ठेवा. बाकी ऑडिओबद्दल एवढंच की तो पहिला मुक्काम नव्हे, आधी पुस्तक किंवा मालिका नावारूपाला आलेली बरी. एक मात्र खरं: आपल्याकडं घरात मराठी आणि शाळेत कन्नड किंवा इंग्रजी अशी बरीच पोरं आहेत. देवनागरी वाचायला ती कंटाळतात, ऐकायला कंटाळत नाहीत.

पैसा

खाली धरलेले आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत. छापखान्याचा दर कागदावर, पानांवर आणि प्रतींवर ठरतो.

डेमी आकाराचं २२४ पानांचं पुस्तक म्हणजे सोळा पानी १४ फॉर्म (एकत्र छापून दुमडायचे ताव). पानं सोळाच्या पटीत बसवली नाहीत तर कोऱ्या पानांचे पैसे पडतात, तेव्हा शेवटच्या प्रकरणाला कात्री लावताना हा हिशेब डोळ्यासमोर असू द्या. किंमत ३०० रुपये धरू. प्रकाशक साधारण दहा टक्क्यांच्या आसपास रॉयल्टी देतो, म्हणजे प्रतीमागं ३० रुपये. ५०० प्रतींची आवृत्ती सगळी खपली तर १५,००० रुपये, तेही वर्ष-दोन वर्षांत हप्त्यानं. तुमच्या खिशातून काही जात नाही. प्रकाशक ‘थोडा सहभाग’ मागत असेल तर तो प्रकाशक नव्हे, छापून देणारा आहे, आणि छापून देणारे बेळगावातही आहेत.

स्वतः छापताना प्रत १२० रुपयांना पडली असं समजा. ३०० प्रतींना ३६,००० रुपये. दुकानदार ४० टक्के सवलत घेत असेल तर हातात १८० येतात, म्हणजे २०० प्रती गेल्यावर भांडवल सुटतं. तेच टेबल मांडून स्वतः विकलंत तर १२० प्रतींवरच सुटतं. सगळी गोम या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे, आणि तो फरक सीमाभागात आपल्या बाजूनं झुकतो, त्याकडे येतोच. पहिल्या वेळी शंभर-दीडशे प्रती डिजिटलवर काढाव्यात. ऑफसेटला प्लेटचा खर्च येतो, प्रती कमी असल्या तर तो अंगावर येतो. हजार प्रती छापून दिवाणाखाली रचून ठेवलेली घरं माझ्या ओळखीत आहेत.

ॲमेझॉनच्या किंडलवर (ई-पुस्तकांच्या दुकानात) मराठी २०१६ च्या डिसेंबरपासून आहे. तिथं रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर ‘केडीपी सिलेक्ट’ या ॲमेझॉनच्याच योजनेत पुस्तकाचं नाव घालावं लागतं, आणि मग ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठंही ठेवता येत नाही. नमुन्यादाखल दहा टक्के मजकूर चालतो. म्हणजे ॲपवर पूर्ण मालिका आणि किंडलवर सिलेक्ट, हे एकाच वेळी होत नाही. छापील प्रतीवर हे बंधन नाही. पुण्या-मुंबईत, परदेशात गेलेले आपले लोक किंडलवर घेतात, गावातले क्वचितच.

ॲपवरची कमाई वाचकांच्या सदस्यत्वातून आणि पैसे भरून उघडायच्या भागांतून येते. नियम कंपनी ठरवते आणि बदलतेही. तिच्या भरवशावर नोकरी सोडू नये.

हक्क आणि कागद

प्रकाशकाशी करार लेखीच करा आणि हक्क देताना मुदत, प्रदेश व रॉयल्टी या तीन गोष्टी त्यात आहेत का ते बघा. कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. हक्क घेऊन प्रकाशक वर्षभर बसून राहिला तर, करारात वेगळं काही नसल्यास, ते परत येतात. अद्भुत कादंबरीवाल्यानं आणखी एक ओळ बघावी: ऑडिओ, वेबमालिका, चित्रकथा, खेळ हे सगळे हक्क एका वाक्यात देऊन टाकलेले नाहीत ना? या प्रकारात खरी किंमत तिथंच असते.

स्वतः छापताना आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) फुकट मिळतो, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून, ऑनलाइन अर्ज करून. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. प्रसिद्धीनंतर ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक इतर तीन ठरावीक ग्रंथालयांना आपल्या खर्चानं पाठवायची असते. १९५४ चा तो कायदा लेखक-प्रकाशकालाही लागू आहे.

संपादक असणं, नसणं

प्रकाशकाकडे जायचं एकमेव भक्कम कारण माझ्या मते संपादक. चांगला संपादक नकाशावरची नदी आणि नवव्या प्रकरणातली नदी उलट्या दिशेनं वाहतात हे पकडतो. पण आपली बोली त्याच्या हाती सपाट होण्याचा धोकाही आहे. माझ्या म्हातारीचं वाक्य होतं, ‘ह्या वक्ताला गुहेत कशाला मराय चाललास? खुळा काय तू?’ एका ठिकाणाहून ते ‘या वेळी गुहेत कशासाठी निघालास? वेडा आहेस का?’ होऊन आलं. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं बोलीत ठेवलं तर वाचक कुठलाही असो, अडखळत नाही. हे करारावर सही करायच्या आधी बोलून घ्या.

स्वतः छापणाऱ्यानं निदान दोन जणांकडून वाचून घ्यावं, एक गोष्टीसाठी आणि एक फक्त शुद्धलेखनासाठी. प्रूफ कागदावरच तपासा. आपण युनिकोडमध्ये टाईप करतो, कित्येक डीटीपीवाले अजून श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये, पानं लावतात. फाईल बदलताना जोडाक्षरं फुटतात. माझ्या प्रूफात ‘ऱ्य’ सगळीकडे ‘र्य’ झाला होता, आणि चोर्ला घाटाच्या खोल दऱ्यांत उतरणारं घोडदळ थेट दर्यात उतरलं होतं.

आपल्या भागातला वाचक

इथं पारडं फिरतं. पुण्याचा प्रकाशक महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांना आणि दुकानांना माल पोचवतो, ते आपल्याला जमणार नाही. पण कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमानी, माचीगड इथं हिवाळ्याच्या आसपास होणारी ग्रामीण साहित्य संमेलनं त्याच्या हिशेबात फारशी नसतात. ग्रंथदिंडीपासून कवी संमेलनापर्यंत लोक मांडवात असतात आणि पुस्तकांच्या टेबलाशी रेंगाळतात. बाई पुस्तक उचलते, आधी पाठीमागची किंमत बघते, मग मुखपृष्ठ बघून विचारते, ‘भुताचं हाय काय?’ तिला ‘फँटसी’ म्हणून सांगितलंत तर पुस्तक खाली ठेवते. ‘बारापेड्याच्या वाघळांची गोष्ट हाय, राजाशी भांडणारी’ म्हटलं की दोन पानं तिथंच वाचते. जाहिरातीचा मजकूर मी तिथं शिकलो. कादंबरी एका वाक्यात सांगा आणि त्या वाक्यात एक ओळखीची जागा घाला. राजहंसगड, हलशी, कणकुंबी, गोकाकचा धबधबा, काय तुमचं असेल ते.

दिवाळी अंकांचा मार्ग १९०९ पासूनचा आहे आणि छान आहे, पण कादंबरीला तिथं जागा क्वचितच मिळते. तुमच्या त्याच जगातली एखादी कथा मात्र द्यावी, उन्हाळा संपायच्या आत पाठवून. नाव होतं, आणि कादंबरी आली की संपादक ओळख देतात.

तेव्हा कुणी काय करावं? कधीच काही पूर्ण केलं नसेल, तर ॲप. भाग चुकवला की वाचक विचारतात, त्या धाकानं तरी गोष्ट शेवटाला जाते. कादंबरी पूर्ण आहे, गुंतागुंतीची आहे आणि थांबायची तयारी आहे, तर प्रकाशकाकडे एक सारांश आणि पहिली तीन प्रकरणं पाठवा. सहा महिने उत्तर आलं नाही तर पुढं चला. कादंबरी या मातीतली आहे, चार गावं फिरायची हौस आहे आणि पंधरा-वीस हजार अडकले तरी घर चालतं, तर स्वतः छापा आणि किंडलवर जोडीला ठेवा. तिन्हीत मी शेवटचं निवडलं. नोकरीमुळं रविवारीसुद्धा मोकळं होता येत नसेल, तर मात्र हा मार्ग तुमचा नव्हे, कितीही ओढ असली तरी.

‘वाघळांचं वतन’ या हिवाळ्यात संमेलनांच्या टेबलावर असेल. पहिलं प्रकरण ॲपवर फुकट आहे, दहा टक्क्यांच्या आतलं. टेबल तुम्हीही मांडणार असाल तर क्यूआर कोडबरोबर सुट्ट्या पैशांची पिशवी ठेवा. मांडवात रेंज नसते.