पुणेकरांनी समुद्रावरचं सेलिंग कुठून करावं: मुंबईच्या क्लबची मेंबरशिप, पैसे भरून ट्रिपा, की पुण्यातलंच पाणी?

पुण्यात राहून समुद्रावर शिडाची बोट चालवायचीय, आणि नुसती तासाभराची चक्कर नको तर आपली म्हणावीत अशी चार माणसं हवीत, रेसनंतरच्या गप्पा हव्यात, वर्षातून दोन-तीनदा जंजिऱ्याकडे वगैरे लांब जायचंय, असं म्हणणारे हल्ली बरेच भेटतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न फीचा असतो. फी महत्त्वाची आहेच, पण माझ्या मते तो दुसरा प्रश्न. पहिला हा की ऑक्टोबर ते मे या काळात महिन्यातले किती शनिवार तुम्ही मुंबईत मुक्कामाला राहू शकता. क्लबच्या फॉर्मवर हे कोणी विचारत नाही, पण सगळं अडतं ते इथेच.

आधी पुण्यातलं पाणी बघू, कारण ते पटकन आटोपतं. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा, बोट क्लब रोड हे नावच त्याच्यावरून पडलं, पण नदीवरचं काम वल्ह्यांचं, शिडाचं नाही. सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा, म्हणजे वल्हवण्याचा सोहळा, ज्यांनी मुठेच्या काठावर बसून पाहिलीय त्यांना माहितीये की वल्हवणाऱ्या पोरांची आपसातली मैत्री काय चीज असते, त्यामुळे तुम्हाला ग्रुप आणि पाणी एवढंच हवं असेल आणि समुद्राचा हट्ट नसेल तर रोईंग हा अगदी सच्चा पर्याय आहे, त्याला कमी लेखू नका. शिडं दिसतात ती खडकवासल्याला, एनडीएच्या पीकॉक बेमध्ये, पण ती कॅडेट्सची, आपण बाहेरचे तिथे सहज उठून जाऊ शकत नाही. तलावावर शिकायला मिळालं तर जरूर शिका, डोंगरावरून येणारा वारा सारखा दिशा बदलतो त्यामुळे हात लवकर तयार होतो, पण भरती-ओहोटी नाही, लाट नाही आणि मुक्कामाला जायला दुसरा किनाराही नाही. लांबच्या ट्रिपेचा विषय तिथे संपतो.

आता मुंबई. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा, गेटवेच्या शेजारी, त्याशिवाय कुलाब्याच्या बाजूला सेलिंग करणारी मंडळी आहेत, नेव्हीचं वेगळं आहे. जुन्या क्लबांमध्ये ओळखीच्या मेंबरची शिफारस लागते, वेळ लागतो, हे आधीच धरून चाला. पण मेंबरशिपपेक्षा क्रू म्हणून शिरणं सोपं असतं आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. बोटवाल्या मेंबरला रेससाठी दोन-तीन हात लागतात, ठरलेला माणूस ऐनवेळी लग्नाला जातो किंवा ऑफिसात अडकतो, आणि मग जो वेळेवर येतो, सांगितलेलं ऐकतो आणि बूमखाली, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याखाली, डोकं वाकवायचं विसरत नाही त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन येतो.

क्लबातली दोस्ती नक्की कुठे जमते ते नीट सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ती बारमध्ये जमते. मुंबईत धड मरीना नाही, म्हणजे बोट धक्क्याला लावून उतरलो आणि निघालो असं होत नाही, बोटी पाण्यात मुरिंगला, म्हणजे तळाशी पक्क्या केलेल्या तरंगत्या खुणेला, बांधलेल्या असतात आणि लाँचने, म्हणजे मोटरबोटीने, किंवा छोट्या डिंगीने ये-जा करावी लागते. रेस संपली की मुरिंग पकडायचं, शिडं उतरवायची, दोघांनी दोन टोकं धरून मेनसेलची, म्हणजे मोठ्या शिडाची, वीत-वीत घडी घालायची, ओल्या दोऱ्या गुंडाळून टांगायच्या, बोटीत आलेलं पाणी उपसायचं आणि मग लाँच येईपर्यंत डेकवर बसून राहायचं. त्या वेळात थर्मासमधला उरलेला चहा फिरतो, पहिल्या मार्कला, म्हणजे रेसच्या वळणाच्या खुणेला, आपण टॅक (वाऱ्याच्या तोंडातून घेतलेलं वळण) उशिरा का मारला यावर वाद होतो, आणि कोणीतरी सहज म्हणतं की पुढच्या पौर्णिमेला रेवदंड्याला जायचंय, येतोस का. ट्रिपेची जागा मिळते ती इथे. नोटीस बोर्डवर कार्यक्रम लागतो तोवर चांगल्या बोटींचे क्रू बहुतेक ठरलेले असतात.

पुणेकराची अडचण पण इथेच. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, मग तो पडतो आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, त्यामुळे खरी मजा दुपारी. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुण्याहून निघून साडेदहाच्या आत सीएसएमटीला पोचवते, इथपर्यंत झकास, पण परतीला ती पाच दहाला सुटते, म्हणजे वारा ऐन रंगात असताना तुमचं लक्ष घड्याळाकडे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून गाडीने जाणं सुसह्य झालंय, पण दिवसभर उन्हात आणि खाऱ्या पाण्यात काढल्यावर रात्री घाट चढून घरी येणं मला अजिबात पटत नाही, डोळे मिटायला लागतात. म्हणून म्हणतो शनिवारचा मुक्काम. दादरला मावशी असो, ठाण्याला मित्र असो, चार क्रूनी मिळून घेतलेली खोली असो, ही सोय असेल तर मुंबईचा क्लब डोळे झाकून घ्या. नसेल तर मेंबर व्हाल, फी भराल आणि शिडं गुंडाळायच्या आधीच पळणारा पुण्याचा माणूस म्हणून राहाल, मग ट्रिपेला कोणाला तुमची आठवण होणार.

ट्रिपांबद्दल थोडं सविस्तर, कारण निर्णय याच्यावरच फिरतो. सगळ्यात जवळची अलिबागच्या बाजूच्या मांडव्याची, गेटवेपासून सरळ रेघेत साधारण आठ सागरी मैल. पाच नॉटचा वेग धरला, म्हणजे तासाला सव्वानऊ किलोमीटर, तर जायला दीड-दोन तास. जाताना वायव्येचा वारा पाठीशी असतो, सगळे खूश, फोटो निघतात. येताना तोच वारा तोंडावर येतो आणि बोट वाकडी-तिकडी टॅक मारत वर आणावी लागते, त्यात ओहोटी लागली असेल तर शिडं भरलेली आणि किनारा जागचा हलत नाही अशी अवस्था, म्हणून जाणता स्किपर, म्हणजे बोटीचा प्रमुख, परतीची वेळ भरतीवर बसवतो. उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, हे पुण्याच्या माणसाला कागदावर कळतं पण अंगात भिनायला वेळ लागतो. खांदेरी साधारण तेरा मैल, आणि १६७९ साली महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रज का अस्वस्थ झाले ते बोटीतून बघितलं की लगेच समजतं, मुंबईच्या तोंडावरच बसलंय ते. पुढे रेवदंडा साधारण तेवीस-चोवीस मैल, कोर्लईचा किल्ला डोक्यावर, पण कुंडलिका नदीच्या मुखाशी गाळ असल्याने पाणी बघूनच आत शिरायचं. जंजिरा पस्तीसच्या वर, म्हणजे वारा चांगला असेल तर सात-आठ तासांची मजल आणि रात्रीचा मुक्काम आलाच.

या रात्रीच्या मुक्कामात माणसं कळतात, हे मी मनापासून सांगतो. नांगर टाकल्यावर पाळ्या लागतात, दोन-दोन तास एकेकाने जागायचं, किनाऱ्यावरचे दोन दिवे नजरेत धरून ठेवायचे आणि ते एकमेकांपासून सरकले की नांगर घसरतोय असं समजून बाकीच्यांना उठवायचं. रात्री बोट चालत असेल तर कोळ्यांच्या जाळ्यांवरच्या तरंगत्या खुणा अंधारात दिसत नाहीत, त्यासाठी पुढे टॉर्च घेऊन बसणारा वेगळा. ज्याच्या पाळीत तुम्ही निर्धास्त झोपू शकता त्याच्याशी पुढे आयुष्यभर जमतं.

तिसरा पर्याय म्हणजे क्लबबिब न घेता पैसे भरून शिकायचं आणि फिरायचं. गेटवेहून, मांडव्याहून, गोव्यातून स्किपरसकट बोट मिळते, शिकवणाऱ्या संस्था आहेत, आणि ब्रिटनच्या आरवायए या सेलिंग संस्थेचा कॉम्पिटंट क्रू हा पाच दिवस बोटीवरच राहून करायचा कोर्स थायलंडसारख्या ठिकाणी जाऊन करता येतो. याचा मोठा फायदा असा की तारीख तुमची, सुट्टी तुमची, दर आठवड्याला खंडाळ्याचा घाट नाही. शिकणंही जास्त पद्धतशीर होतं, क्लबात तुम्ही सहा महिने नुसती जिबची, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाची, दोरी ओढत राहू शकता आणि सुकाणू हातात येत नाही, कोर्समध्ये ते दुसऱ्या दिवशी देतात. पण ट्रिप संपली की माणसं पांगतात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पडतात, दिवाळीच्या शुभेच्छा येतात आणि ग्रुप थंड. त्यावर उपाय एकच, इथूनच चार-पाच जणांनी मिळून जायचं, कोथरूड-औंध-हडपसरचे लोक एकत्र कोर्स करून आले तर परत बोट घ्यायला तेच लोक असतात. मी तर म्हणेन ज्यांना शनिवारचा मुक्काम जमत नाही त्यांच्यासाठी हाच खरा मार्ग आहे, आणि तो दुय्यम मानायचं काही कारण नाही.

गोव्याचं थोडक्यात. दोनापावलाच्या बाजूला छोट्या बोटींचं सेलिंग चांगलं आहे, गर्दी कमी, जहाजांची वर्दळ मुंबईइतकी नाही. दिलीप दोंदे ज्या म्हादेई बोटीतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती तिथल्या दिवाडी बेटावर बांधलेली, त्यामुळे बोट बांधणारे, दुरुस्त करणारे हातही तिथे आहेत. पण पुण्याहून रात्रभराची बस, त्यामुळे दर आठवड्याचं जाणं विसरा, वर्षातून एक-दोनदा सलग आठवडा काढणाऱ्यांसाठी ठीक.

घरच्यांचं काय, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात आणि तो आधी विचारायला हवा. दर रविवारी एकटा माणूस गायब ही गोष्ट कुठल्याच घरात फार दिवस चालत नाही. मुंबईच्या क्लबचा इथे एक छुपा फायदा आहे, मांडव्याच्या ट्रिपेला घरचे पुण्याहून खोपोली-पेण-वडखळ मार्गे गाडीने थेट मांडव्याला येऊ शकतात, मुंबईत शिरायचंच नाही, तुम्ही बोटीने या, जेट्टीजवळ एकत्र जेवा, हवं तर मुलांना तासभर बोटीत फिरवा. वडखळला ट्रॅफिक लागतो तेवढा सोसायचा. पोटात ढवळणारं कोणी असेल तर पहिली वेळ सकाळच्या शांत पाण्यात द्या, दुपारच्या लाटेत नाही, नाहीतर ते माणूस परत येणार नाही.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर बोटी बाहेर काढलेल्या असतात. नवीन माणसाने खरं तर याच काळात जावं असं माझं मत, कारण तेव्हा लाकडी बोटी घासणं, रंग देणं, शिडं शिवून घेणं चालू असतं आणि घासकागद हातात घेणाऱ्याला कोणी मेंबरशिप विचारत नाही. नारळी पौर्णिमेनंतर कोळी बांधव समुद्रात जातात म्हणून आपणही जाऊ असा घोळ करू नका, त्यांचा अनुभव वेगळा, शिडाच्या बोटींचा सीझन ऑक्टोबरातच धरा.

आणि कुठलाही पर्याय घ्या, पहिल्या भेटीत बोटीवरची लाइफजॅकेटं स्वतः उघडून बघा, बकल लागतं का, तुमच्या मुलाच्या मापाचं आहे का. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नेव्हीची स्पीडबोट धडकून माणसं गेली, त्याच बंदरातून आपणही जातो. व्हीएचएफ रेडिओ चालू आहे का, चॅनल सोळा, म्हणजे संकटात हाक मारायचा चॅनल, लावता कोणाकोणाला येतं, कोस्ट गार्डचा १५५४ नंबर कुठे लिहून ठेवलाय का, हे विचारा. जो स्किपर हे प्रश्न ऐकून वैतागत नाही, उलट थांबून दाखवतो, त्याच्या बोटीवर जा, मग तो क्लबचा असो की भाड्याचा.