हवा किलोत मोजायची: व्हॉर्टेक्सला दाब-तापमानाची जोड, की थर्मल मास मीटर?

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात कॉम्प्रेस्ड एअर मोजायची असेल, तर नुसते घनमीटर दाखवणारा मीटर आणि वर्षभर एकच घनता, हा पर्याय आधी बाद करा. लाइनवर ७ बार गेज दाब (बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जास्तीचा) असताना ४५ अंशांची हवा घनमीटरला ८.७३ किलो भरते, १२ अंशांची ९.७४. मीटरवर आकडा तोच, वजनात साडेअकरा टक्के फरक.

व्हॉर्टेक्स मीटर प्रवाहातले भोवरे मोजून घनमीटर देतो. त्याच्यासोबत प्रेशर ट्रान्समीटर आणि आरटीडी (तापमानाचा सेन्सर) लावला की हिशेब सरळ आहे. निरपेक्ष दाब (गेज अधिक वातावरणाचा दाब) पास्कलमध्ये घ्या (१ बार म्हणजे १,००,००० पास्कल), त्याला २८७ (कोरड्या हवेचा वायू-स्थिरांक) गुणिले केल्विनमधल्या तापमानाने (अंश सेल्सियस अधिक २७३) भागा, आली घनता. तिला ताशी घनमीटरने गुणा. ४५ अंशांवर ताशी १०० घनमीटर म्हणजे ८७३ किलो.

घोळ बहुतेक वेळा दाबातच होतो. गेजचे ७ बार तसेच टाकले, तर उत्तर १२ टक्के कमी येते. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, तेव्हा मे महिन्यात गेजच्या आकड्यात समुद्रसपाटीचे १.०१३ नाही, साधारण ०.९७ बार मिळवा. ७ बारला या फरकाने अर्धा टक्काच बिघडतो, पण ०.५ बारच्या ब्लोअरला जवळपास ३ टक्के. ब्लोअरवर अ‍ॅब्सोल्यूट ट्रान्समीटरच (थेट निरपेक्ष दाब देणारा) लावा. तापमान ३ अंश चुकले तर चूक १ टक्क्याची. मीटर स्वतःच दाब-तापमानाची दुरुस्ती करत असेल, तर पीएलसीत (कारखान्याच्या कंट्रोलरमध्ये) ती पुन्हा करू नका. आणि जुनी ओरिफिस प्लेट (छिद्राच्या चकतीवरच्या दाबफरकाने प्रवाह मोजणारी) असेल, तर घनतेच्या गुणोत्तराचे वर्गमूळ घ्यायचे, हे विसरू नका.

थर्मल मास मीटर गरम सेन्सरवरून हवा किती उष्णता नेते ते मोजतो, त्याला यातले काही लागत नाही. तो थेट किलो देतो. सुटीच्या दिवशी गळती मोजायला तोच घ्यावा, कारण कमी वेगाला व्हॉर्टेक्स शून्य दाखवतो. मात्र हवा कोरडी हवी. सेन्सरवर पाण्याचा थेंब बसला की आकडा उडी मारतो, तेलाचा थर बसला की खाली येतो. म्हणून त्याची जागा ड्रायर आणि फिल्टरनंतर.

ड्रायरआधीची ओली हवा किंवा वाफ असेल, तर व्हॉर्टेक्स घ्या. वाफेला मात्र वरचे सूत्र चालत नाही. घनता स्टीम टेबलमधून (वाफेच्या गुणधर्मांच्या तक्त्यातून) घ्यावी लागते.

कोटेशनमध्ये ‘नॉर्मल घनमीटर’ (ठरावीक संदर्भ दाब-तापमानाला धरलेला) दिसला, तर संदर्भ तापमान लेखी मागा. ० अंशाला तो १.२९३ किलोचा, २० अंशांना १.२०४ किलोचा.