सुराखाली अक्षर नेमके बसवायचे तर: म्यूझस्कोर की लिलीपाँड?

आमच्या तिवसा तालुक्यातच तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी, त्यामुळे खंजिरी भजन इथल्या गावांना नवे नाही. आता कीबोर्ड शिकलेली पोरे पाच रेघांचे नोटेशन मागतात आणि पेटीमास्तरांना सुरासुरावर सा रे ग लागते. एकाच कागदावर वर सरगम, खाली भजनाचे शब्द, आणि दोन्ही सुराच्या बरोबर सरळ रेषेत. याच कामासाठी मी म्यूझस्कोर आणि लिलीपाँड दोन्ही वापरतो. दोन्ही संगणकावर नोटेशन लिहिण्याची सॉफ्टवेअर आहेत, आणि फुकट आहेत. म्यूझस्कोरमध्ये सूर पडद्यावरच रेघांवर बसवतात, लिलीपाँडमध्ये सगळे मजकुरात लिहून द्यावे लागते.

कोणतेही घ्या, सरगम साधा मजकूर म्हणून लिहू नका. साधा मजकूर सुराच्या डाव्या कडेपासून सुरू होतो, तर गीताचे अक्षर सुराच्या मधोमध येते. म्हणून सरगमही गीताची दुसरी ओळ म्हणून भरा आणि रेघांच्या वर न्या. म्यूझस्कोरमध्ये ती ओळ निवडून एक्स दाबला की झाले. लिलीपाँडमध्ये त्यासाठी वेगळी आज्ञा लिहावी लागते.

खरा फरक चूक दुरुस्त करताना कळतो. अंतऱ्यात माझा एक सूर राहून गेला होता. म्यूझस्कोरमध्ये तो मध्ये घातला, तर बाकीची अक्षरे आपापल्या सुराला धरून राहिली, फक्त नवा सूर रिकामा. लिलीपाँडमध्ये शब्द आणि सूर वेगळे लिहितात आणि ते एकापाठोपाठ जुळत जातात. त्यामुळे तिथे नव्या सुराने पुढचे अक्षर ओढून घेतले आणि शेवटपर्यंत सगळे एकेक घर सरकले.

पण हीच रीत कडव्यांना फार सोयीची. चाल एकदा लिहिली की पुढच्या कडव्यांचे नुसते शब्द टाका. एका अक्षरावर तीन सुरांची मींड असली आणि ते सूर कमानीने बांधले असले, की लिलीपाँड तिथे स्वतःच थांबतो. म्यूझस्कोरमध्ये तिथे अधोरेषा दाबत पुढे जावे लागते.

जोडाक्षरे गाण्याप्रमाणे तोडा. ‘सत्य’ म्हणजे स आणि त्य. म्यूझस्कोरमध्ये ‘स’ लिहून आडवी रेघ दाबली की पुढच्या सुरावर ‘त्य’. लिलीपाँडमध्ये मध्ये दोन आडव्या रेघा, आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा. जागा विसरलात तर सगळे एकाच सुराखाली गोळा होते.

म्यूझस्कोरमध्ये अक्षर माऊसने ओढून जागेवर आणायचा मोह होतो. तो टाळा. पडद्यावर ठीक दिसते, पण अक्षर जुन्याच सुराला बांधलेले असते, आणि ओळ तुटली की पुन्हा भलतीकडे जाते.

येत्या सप्ताहासाठी दोन-चार भजने करायची असतील तर म्यूझस्कोर घ्या, एका संध्याकाळी हात बसतो. मंडळाची पूर्ण वही छापायची असेल तर लिलीपाँडसाठी महिनाभर द्या. त्याची फाईल साधा मजकूरच असते, व्हॉट्सॲपवर पाठवली तरी दुसऱ्या गावचा पोरगा मजकूर लिहिण्याच्या कोणत्याही ॲपमध्ये उघडून शब्द दुरुस्त करतो.